इंजिन चाललं पाहिजे

जुन्या मॉडेल रेल्वेच्या बाजारात 'मिंट बॉक्स्ड' हा शब्द फार मानाचा आहे. इंजिन कारखान्यातून आलं तसंच, मूळ खोक्यात, शक्यतो एकदाही रुळावर न ठेवलेलं, असा त्याचा अर्थ. अशा नगाला भाव जास्त. आणि रंग उडालेलं, कुणा पोरानं चालवून चालवून चाकं काळी केलेलं इंजिन 'स्पेअर्स ऑर रिपेअर' असा शेरा मारून ढिगात टाकलं जातं. माझं मत या बाजाराच्या नेमकं उलट आहे. चाळीस वर्षं खोक्यात पडलेलं इंजिन ही मला दया येण्याजोगी वस्तू वाटते, आणि ढिगातलं इंजिन घ्यावंसं वाटतं.

हे मी ऐकीव सांगत नाही. मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते, पण गेली काही वर्षं रात्री जेवणं आटोपली की ओट्याशेजारच्या टेबलावर माझी दुसरी शाळा भरते. माझा मामेभाऊ बर्मिंगहॅमला असतो. तो तिथल्या रविवारच्या जुन्या खेळण्यांच्या बाजारांत फिरतो, ग्रेट वेस्टर्न रेल्वेची बंद पडलेली छोटी इंजिनं शोधतो आणि कुणी इकडे येणारं असलं की त्यांच्या सामानात घालून देतो. हत्यारं माझ्या अब्बांची आहेत. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. डोळ्याला लावायचं भिंग, बारीक चिमटे आणि पितळी मुठीचे स्क्रू-ड्रायव्हर एवढाच वारसा माझ्या वाट्याला आला, आणि तो पुरला.

शिक्षकांच्या खोलीत एक प्रश्न ठरलेला असतो: "आपा, इंग्रजांची रेल्वे कशाला? आपली करा ना." प्रश्न रास्त आहे, पण मी दुरुस्ती करते ती राज्य करणाऱ्यांची नाही, स्विंडनच्या कारखान्यात घडलेल्या यंत्राची. आणि गंमत पाहा, आपण स्वतंत्र झालो त्यानंतर साडेचार महिन्यांनी ही कंपनीही संपली. 1 जानेवारी 1948 रोजी ब्रिटनच्या रेल्वे सरकारजमा झाल्या आणि ग्रेट वेस्टर्नचं नाव पुसलं गेलं. त्याच स्विंडनमध्ये आज गोव्याहून गेलेल्या लोकांची मोठी वस्ती आहे.

कंपनी 1835 ची. लंडन ते ब्रिस्टल हा तिचा पहिला मार्ग आणि इझम्बार्ड किंगडम ब्रुनेल तिचा अभियंता. इतर कंपन्या दोन रुळांत 4 फूट साडेआठ इंच अंतर ठेवत होत्या, तेव्हा ब्रुनेलनं 7 फूट पाव इंच ठेवलं. गाडी वेगानं आणि संथ चाले, पण दुसऱ्या कंपनीच्या हद्दीशी आली की माल उतरवून पुन्हा चढवावा लागे. शेवटी 1892 च्या मे महिन्यात चार हजारांहून अधिक कामगारांनी एका शनिवार-रविवारात उरलेला मार्ग अरुंद करून टाकला. 1923 साली देशातल्या बहुतेक रेल्वे कंपन्या चार मोठ्या कंपन्यांत एकत्र केल्या, तेव्हा जुनं नाव टिकलं ते फक्त ग्रेट वेस्टर्नचं. तिची इंजिनं लांबूनही ओळखू येतात: गडद हिरवा रंग, धुराड्याच्या तोंडाला तांब्याची कड आणि बॉयलरवर सेफ्टी व्हॉल्व्हचं चकाकतं पितळी झाकण.

आता या रेल्वेच्या छोट्या प्रतिकृतींबद्दल. ब्रिटनमध्ये सगळ्यात जास्त चालणारं माप 'डबल ओ', म्हणजे खऱ्या एका फुटाला 4 मिलिमीटर. पण रुळांतलं अंतर ठेवलं 16.5 मिलिमीटर. हिशोब केला तर ते 4 फूट दीड इंच होतं, खऱ्यापेक्षा तब्बल सात इंच कमी. कारण साधं होतं. युरोपातल्या उत्पादकांचे रूळ तयार होते, पण ब्रिटिश इंजिनं मुळात बारीक अंगाची, त्यांत त्या काळच्या मोटारी मावेनात. म्हणून इंजिन थोडं मोठं केलं आणि रूळ तसेच ठेवले. सगळ्यात रुंद रुळांचा अभिमान बाळगणारी कंपनी मॉडेलमध्ये खऱ्यापेक्षा अरुंद रुळांवर धावते. ज्यांना 'अगदी हुबेहूब' हवं असतं त्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. याहून लहान 'एन' मापात रूळ 9 मिलिमीटरचे आणि प्रतिकृती खऱ्याच्या 148 पट लहान. ते काम मी दिवसाउजेडीच करते.

माझं लाडकं इंजिन 57 शे वर्गाचं पॅनिअर टँक. जनावराच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोण्या लादाव्यात तशा बॉयलरच्या दोन अंगांना पाण्याच्या चौकोनी टाक्या, त्यावरूनच हे नाव. 1929 ते 1950 या काळात अशी 863 इंजिनं बांधली गेली. राजा-राण्यांची नावं नाहीत, डबे इकडून तिकडे ढकलायचे आणि लहान फाट्यांवर गाड्या ओढायच्या. त्यातली 13 पुढे लंडनच्या भुयारी रेल्वेनं विकत घेतली आणि 1971 पर्यंत राबवली. राबणाऱ्या इंजिनाची प्रतिकृती काचेच्या कपाटात उभी करून ठेवणं मला तरी विचित्र वाटतं.

मामेभाऊ बाजारातून फोटो पाठवतो तेव्हा मी त्याला पहिल्यांदा इंजिन उलटं करायला सांगते. रंग मी शेवटी बघते. चाकं जोडणारे दांडे दोन्ही बाजूंना आहेत का, चौकटीची टोकं सरळ आहेत का, स्क्रूच्या खाचा शाबूत आहेत का. खाचा चुरगळल्या असतील तर आधी कुणीतरी जबरदस्ती केली आहे असं समजायचं. मग मोटारीजवळ नाक नेऊन हुंगायला सांगते. जळक्या तारेचा वास लपत नाही. (विक्रेते त्याच्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतात, असं तो म्हणतो.)

'बंद आहे' म्हणून विकली जाणारी बरीचशी इंजिनं खरं तर फक्त आखडलेली असतात. तेल वाळून डिंकासारखं झालेलं, कॉम्युटेटरवर काजळी, कार्बन ब्रश झिजून आखूड. आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसायचं, कॉम्युटेटरच्या फटींतली घाण दात कोरायच्या काडीनं काढायची, ब्रशच्या स्प्रिंगला ताण आहे का पाहायचं आणि सुईच्या टोकावर मावेल एवढंच तेल आसाला द्यायचं. मग 12 व्होल्ट हळूहळू चढवायचे. जुन्या ट्राय-अँगच्या मोटारींत मात्र चुंबकाला हात लावण्याआधी विचार करावा. दोन टोकांना लोखंडी पट्टी न जोडता तो बाहेर काढला तर त्याची ताकद घटते आणि इंजिन आधीपेक्षा मंद होतं.

खोक्यात जपलेल्या नगांचं हेच दुखणं जास्त असतं. न चालवल्यानं तेल गोठतं. वेष्टनातला जुना फोम कुजून रंगाला चिकटतो. चाललेल्या इंजिनाची झीज दिसते तरी. न चाललेल्याचं बिघडणं झाकलेलं असतं आणि त्या झाकणालाच भाव मिळतो.

सगळंच दुरुस्त होतं असा माझा दावा नाही. जुनं जस्तमिश्रित ओतकाम, ज्याला तिकडे माझॅक म्हणतात, त्यात शिशाचा अंश राहिला असेल तर धातू आतून फुगतो, तडकतो आणि एक दिवस बिस्किटासारखा चुरतो. त्याला इलाज नाही. तो भाग बदलायचा. मेनलाइन या नावानं 1970 च्या दशकात आलेल्या इंजिनांचं दुखणं वेगळं. त्यांच्या चौकटीचे दोन धातूचे अर्धे भाग आहेत आणि प्रत्येक अर्धा आपापल्या बाजूच्या चाकांकडून वीज घेतो. म्हणून आसही मधोमध तोडलेला आणि प्लॅस्टिकच्या नळीनं सांधलेला. वय झालं की नळी चिरते. वाफेच्या इंजिनात एका बाजूचा दांडा दुसऱ्या बाजूच्या दांड्यापेक्षा पाव फेरा पुढे असावा लागतो. नळी चिरली की एक चाक जागच्या जागी सरकतं, हा पाव फेरा चुकतो आणि इंजिन लंगडतं. माझी पॅनिअर टँक याच कारणानं ढिगात आली होती. नवी नळी नखाएवढी. ती बसवून तिन्ही आसांचा पाव फेरा जुळवायला मला चार रात्री लागल्या.

दुसरा वाद रंगाचा. दुरुस्त केलंच आहे तर रंगवूनही टाका, असं बरेच जण म्हणतात. मी नवा रंग देत नाही. मेकॅनो कंपनीनं 1938 मध्ये हॉर्न्बी डब्लो ही मालिका काढली तेव्हा एक छोटं टँक इंजिन चार मोठ्या कंपन्यांच्या चार रंगांत विकलं. ते मुळात लंडन अँड नॉर्थ ईस्टर्नच्या एन-2 वर्गावर बेतलेलं. ग्रेट वेस्टर्नच्या हिरव्या रंगातलं इंजिनही त्याच साच्यातून निघालं. अभ्यासकाच्या नजरेनं ती चूक. पण 1938 च्या पोरानं त्यालाच ग्रेट वेस्टर्न मानून पॅडिंग्टनहून गाड्या सोडल्या. ती 'चूक' सुधारायला गेलं तर तो काळच पुसला जाईल. जुन्या कातिबानं लिहिलेल्या पानावर नुक्ता राहिला असेल तर आपण समासात खूण करतो, पानावर शाई ओतत नाही. सेफ्टी व्हॉल्व्हच्या झाकणाचा सोनेरी रंग बहुतेक इंजिनांवर उडालेला असतो, कारण मुलं नेमकं तिथेच चिमटीत धरून इंजिन उचलतात. तो डाग मी तसाच ठेवते.

नव्या मॉडेलांवर माझा राग नाही. त्यांचं बारीक काम पाहून थक्क व्हायला होतं. शिड्या, नळ्या, कठड्यांच्या तारा सगळं सुटं आणि प्रमाणात. राग आहे तो दुरुस्तीच्या वाटा बंद करण्यावर. एकदाच ठराविक नग बनवायचे, संपले की संपले, आणि सुटे भाग कधी मिळतात, कधी नाही. शंभर-दीडशे पौंडांचं इंजिन एका चिरलेल्या दात्यापायी शोभेची वस्तू होतं. जुन्या हॉर्न्बी डब्लोची कंपनी 1964 मध्ये दुसऱ्याच्या हाती गेली, लिव्हरपूलचा कारखाना 1979 मध्ये बंद पडला, तरी त्यांचे ब्रश आणि स्प्रिंग आजही मिळतात, कारण रचना साधी आहे आणि बनवणारे छोटे कारागीर टिकून आहेत. नवं इंजिन घेताना त्याचे दाते, ब्रश आणि आस सुटे मिळतात का, हे विक्रेत्याला आधी विचारावं. नसतील तर त्याची किंमत अर्धीच समजावी.

ऑक्सफर्डशायरमध्ये लाँग विटनम या गावी पेंडन नावाचं संग्रहालय आहे. रॉय इंग्लंड हा तरुण 1925 मध्ये ऑस्ट्रेलियाहून आला, ग्रेट वेस्टर्नच्या आणि तिथल्या खेड्यांच्या प्रेमात पडला, आणि ती खेडी बदलताना पाहून त्यांच्या प्रतिकृती करू लागला. त्याच 4 मिलिमीटरच्या मापात. पुढे स्वयंसेवक जमले आणि ते काम आजही चालू आहे. तिथल्या इंजिनांइतकी नाजूक हातकामाची इंजिनं क्वचित पाहायला मिळतील, आणि ती लोकांसमोर चालवली जातात. झिजतात, मग दुरुस्त होतात. एवढ्या मोलाची इंजिनं चालवणं त्यांना परवडतं, तर बाजारातल्या खोकीबंद इंजिनाला रुळाची भीती का वाटावी?

मामेभावानं परवा आणखी एक फोटो पाठवला आहे. एअरफिक्सचं 14 शे वर्गाचं इंजिन, धुराड्याची तांब्याची कड गायब, एक बफर तुटलेला, विक्रेत्याच्या मते 'फक्त भागांसाठी'. दांडे दोन्ही बाजूंना आहेत, स्क्रूच्या खाचा शाबूत आहेत. घे म्हणून सांगितलं आहे.