बदली पालकांची, परीक्षा पाल्याची

ऐन मे महिन्यात बदलीचा हुकूम हाती पडावा आणि त्याच वर्षी घरातील मूल दहावी उत्तीर्ण व्हावे, हा योग मध्यमवर्गात विरळा नाही. परक्या शहरात घर मिळते, गॅसची जोडणीही मिळते. अकरावीसाठी कनिष्ठ महाविद्यालय कोणते निवडावे, हे सांगणारा मात्र भेटत नाही.

२०२५ साली ही प्रवेशप्रक्रिया सबंध राज्यात ऑनलाइन झाली. नागपुरात बसून पुण्याचा अर्ज भरता येतो, ही सोय मोठीच. तिचे श्रेय शासनास देण्यात आम्ही कृपणता करणार नाही. परंतु संस्थांतर्गत १० टक्के जागा नवागताच्या वाट्यास येत नाहीत. शिवाय पसंतिक्रम १०, आणि पहिल्याच पसंतीचे महाविद्यालय मिळाले तर ते स्वीकारणे भाग; नाकारल्यास विद्यार्थी पुढील नियमित फेऱ्यांतून बाद! अशा निर्णयाला आधार कोणता, तर गतवर्षीची कट-ऑफ यादी. आत कोण शिरले एवढेच ती सांगते. आत शिकविले जाते काय, हे सांगत नाही. खाजगी क्लासशी संगनमत करून केवळ हजेरीपटापुरती उरलेली विज्ञान महाविद्यालये नवख्या माणसाने ओळखावीत कशी?

प्रत्येक महाविद्यालयातील पूर्णवेळ शिक्षकांची संख्या, प्रयोगशाळा आणि तासांचे वेळापत्रक शासनाने प्रवेशाच्या संकेतस्थळावरच ठळकपणे द्यावे, अशी आमची मागणी आहे. तोवर पालकांनी एक दिवस रजा काढावी, मुलास बरोबर घेऊन त्या महाविद्यालयात जावे, आणि तेथील बारावीच्या एखाद्या विद्यार्थ्यास गेल्या वर्षी रसायनशास्त्राची प्रात्यक्षिके किती झाली, एवढे विचारावे.