द्राक्षाचा मणी आणि पेशींतील माळ

सांगली जिल्ह्यांत तासगांवकडे बागाईतदार तास-ए-गणेशसारख्या बिनबियांच्या द्राक्षांचे कोंवळे घड जिबरेलिक आम्लाच्या पाण्यांत बुडवितात. बियांच्या द्राक्षांत हें द्रव्य बीच पुरवितें. बिनबियांचा मणी त्यावांचून लहान राहतो. तें खताप्रमाणें पोसतें अशी कोणाची समजूत असल्यास ती मात्र सोडावी.

पेशींत ‘डेला’ नांवाचीं प्रथिनें वाढ अडवून बसलेलीं असतात. जिबरेलिन आपल्या ग्राहक-प्रथिनास चिकटलें, कीं ती जोडी डेलास धरिते. मग युबिक्विटिन लायगेज हें विकर त्याच्यावर युबिक्विटिन ह्या ७६ अमिनो आम्लांच्या चिमुकल्या प्रथिनाची माळ चढवितें. बळीच्या बोकडाचीच माळ ही! ती कोणास घालावयाची, हें लायगेज ठरवितें. तुकडे करण्याचें काम प्रोटिआसोमकडे. ह्या व्यवस्थेच्या शोधाबद्दल चिएखानोव्हर, हर्श्को व रोझ ह्यांस २००४ सालीं रसायनशास्त्राचें नोबेल मिळालें. जिबरेलिनचा ग्राहक जपानी संशोधकांनीं २००५ सालीं भातांत दाखविला.

तुटलेला डेला पुन्हा सांधत नाहीं. नवा घडावा लागतो. म्हणून मात्रा जपावी. थोडें अधिक घालूं, हा लोभ महागांत पडतो: घडाचा दांडा ताठर होऊन मणी गळतात, आणि पुढील हंगामास डोळ्यांतून घड कमी निघतात.