वाइन म्हणजे संरक्षण नव्हे



‘लिनक्सवर वाइनमधून जुना इंटरनेट एक्सप्लोरर बिनधास्त वापरा, व्हायरसची भीती नाही’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला घातक आहे. १९९३ पासून विकसित होत आलेले वाइन विंडोजच्या प्रोग्रामचे आदेश लिनक्सला कळतील असे करून देते. त्या प्रोग्रामला कोंडून ठेवत नाही. वाइनमधला ‘झेड’ ड्राइव्ह उघडून पाहा. सेटिंग बदललेले नसेल, तर घरच्या फोटोंपासून बँकेच्या कागदपत्रांपर्यंत सगळे तिथे दिसेल. म्हणजे ब्राउझरमधून शिरलेल्या व्हायरसलाही ते मोकळेच! फायरफॉक्स लिनक्सवर थेट चालतो. एखाद्या जुन्या साइटसाठी एक्सप्लोरर लागलाच, तर तो वेगळ्या व्हर्च्युअल मशीनमध्ये चालवावा आणि बँकेचे व्यवहार त्यावरून मुळीच करू नयेत, ही वाचकांना कळकळीची विनंती.

– एक लिनक्स वापरकर्ता, पुणे