निवृत्तीआधीच ठरलेली नोकरी

अमेरिकी हवाई दलाच्या शस्त्रास्त्र खरेदीत ज्यांचा शब्द अंतिम मानला जाई, त्या डार्लीन ड्रूयन यांना ऑक्टोबर २००४ मध्ये नऊ महिन्यांच्या कारावासाची शिक्षा झाली. ड्रूयन या सैनिक नव्हत्या, मुलकी अधिकारी होत्या. तरीही माजी लष्करी अधिकारी आणि शस्त्रास्त्र कंपन्या यांच्यातील संबंधांचा विषय निघाला की आजही त्यांच्याच खटल्याचा दाखला दिला जातो. नोकरी बदलणे हा काही गुन्हा नव्हे. मग बिघडले कोठे, हे या प्रकरणात लख्खपणे दिसते.

अमेरिकी हवाई दलाला इंधनवाहू विमाने हवी होती. बोईंग कंपनीकडून अशी १०० विमाने भाडेतत्त्वावर घेण्याचा, २० अब्ज डॉलरहून अधिक किमतीचा व्यवहार ठरत होता. ऑक्टोबर २००२ मध्ये बोईंगचे वित्तप्रमुख मायकेल सीअर्स आणि ड्रूयन यांची ऑरलँडो येथे गुप्त भेट झाली. विषय होता ड्रूयन यांच्या भावी नोकरीचा. त्या वेळी त्या सरकारी सेवेतच होत्या आणि बोईंगचे व्यवहार त्यांच्याच हाती होते. पुढच्याच महिन्यात त्या निवृत्त झाल्या आणि जानेवारी २००३ मध्ये वार्षिक अडीच लाख डॉलर पगारावर बोईंगमध्ये रुजू झाल्या. त्याआधी, २००० मध्ये, त्यांच्या मुलीला आणि भावी जावयालाही याच कंपनीत नोकरी मिळाली होती.

सेनेटर जॉन मॅकेन यांनी विमानांच्या या व्यवहाराचा पाठपुरावा लावून धरला. नोव्हेंबर २००३ मध्ये बोईंगने ड्रूयन आणि सीअर्स या दोघांनाही बडतर्फ केले. पाठोपाठ कंपनीचे प्रमुख फिल कॉन्डिट यांनी राजीनामा दिला. कंपनीला झुकते माप दिल्याची, विमानांसाठी वाजवीपेक्षा अधिक किंमत मान्य केल्याची कबुली ड्रूयन यांनी न्यायालयात दिली. सीअर्स यांना चार महिन्यांची कैद झाली आणि २००६ मध्ये बोईंगने सरकारला ६१ कोटी ५० लाख डॉलर देऊन तडजोड केली. मूळ व्यवहार रद्द झाला. नव्या निविदा, त्यावरील आक्षेप, फेरनिविदा या फेऱ्यांत वर्षे गेली आणि नवे इंधनवाहू विमान हवाई दलाच्या हाती पडले ते २०१९ मध्ये! तोपर्यंत वैमानिकांना जुन्याच विमानांवर भागवावे लागले.

अशी ये-जा किती मोठी आहे? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०२१ मध्ये दिलेल्या अहवालानुसार, २०१९ या एका वर्षात १४ बड्या संरक्षण कंपन्यांमध्ये संरक्षण खात्याचे किमान १,७०० माजी वरिष्ठ व खरेदीशी संबंधित अधिकारी काम करीत होते. ही वाट दोन्ही दिशांनी वाहती आहे. जनरल जेम्स मॅटिस निवृत्तीनंतर जनरल डायनॅमिक्सच्या संचालक मंडळावर गेले, २०१७ मध्ये संरक्षणमंत्री झाले आणि ते पद सोडल्यावर २०१९ मध्ये त्याच मंडळावर परतले. जनरल लॉइड ऑस्टिन हे रेथिऑनच्या संचालक मंडळावरून २०२१ मध्ये संरक्षणमंत्रिपदी आले. या दोघांनी कोणताही कायदा मोडलेला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. किंबहुना, कायद्याच्या चौकटीत राहूनही हे सारे घडू शकते, हाच विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

या ये-जा व्यवहाराची बाजू घेणाऱ्यांचा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. तोफ किंवा रडार प्रत्यक्ष वापरलेल्या माणसाचे ज्ञान कारखान्याला हवेच असते. शिवाय लष्करात निवृत्ती लवकर येते. पन्नाशीतल्या धडधाकट अधिकाऱ्याने घरी बसावे, असे कोणी म्हणणार नाही. म्हणूनच बहुतेक देश सरसकट बंदी न घालता कालमर्यादा घालतात. अमेरिकेत २०१७ च्या अखेरीस झालेल्या कायद्याने सर्वोच्च दोन श्रेणींतील जनरल व अ‍ॅडमिरल यांना निवृत्तीनंतर दोन वर्षे संरक्षण खात्याकडे कंपन्यांची रदबदली करण्यास मनाई केली. मात्र कंपनीत पद घेण्यास त्यामुळे अडसर येत नाही.

खरी मेख आहे ती इथे. कालमर्यादेचे घड्याळ निवृत्तीच्या दिवशी सुरू होते. मोह मात्र त्याआधीच सुरू झालेला असतो. ड्रूयन यांचे निर्णय बिघडले ते खुर्चीवर असताना. उद्याचा मालक आज समोरच्या बाजूला बसलेला असेल, तर किमतीवर घासाघीस करणारा आवाज आपोआप मवाळ होतो. त्यासाठी पैशांचे पाकीट लागत नाही. नोकरीची आशा पुरते. नोकरीची बोलणी सुरू होताच ती वरिष्ठांना कळवून त्या कंपनीच्या व्यवहारातून बाजूला व्हावे, असा नियम अमेरिकेत ड्रूयन यांच्या काळातही होता. तो पाळला जातो की नाही हे पाहणे, हेच मुख्य काम आहे.

भारताला हा धडा परका नाही. मार्च २००१ मध्ये ‘तहलका’च्या पत्रकारांनी बनावट शस्त्रास्त्र कंपनीचे प्रतिनिधी बनून केलेल्या चित्रीकरणात सेवेतील आणि निवृत्त अधिकारीही दिसले होते आणि संरक्षणमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांना राजीनामा द्यावा लागला होता. त्याच वर्षी संरक्षण उत्पादन खासगी क्षेत्राला खुले झाले. २०२० मध्ये थेट परकीय गुंतवणुकीची आपोआप मंजुरीची मर्यादा ७४ टक्के झाली. पुण्यातील खासगी कारखान्यात आज लष्करासाठी तोफा बनतात. या उद्योगाला अनुभवी अधिकारी लागणार आणि ते जाणारही. निवृत्तीनंतर ठरावीक काळात खासगी नोकरी घ्यायची तर सरकारची परवानगी लागते, असा दंडक आपल्याकडेही आहे. परंतु परवानगीचा अर्ज निवृत्तीनंतर येतो. खरेदी समितीवर असताना कोणत्या कंपनीशी बोलणी झाली, याची नोंद सेवाकाळातच झाली आणि परवानगी कोणाला, कोणत्या कंपनीसाठी दिली याची यादी जाहीर झाली, तर प्रामाणिक अधिकाऱ्याचे काहीच बिघडणार नाही. सीमेवरच्या जवानाला मिळणारी बंदूक तिच्या गुणांवर निवडली गेली आहे, याची खात्री मात्र त्यातूनच मिळू शकेल.