मुदत संपायच्या आत हरकत नोंदवा!



गावात दवंडी पिटण्याचे दिवस गेले. आता सरकारी मसुदा संकेतस्थळावर चढतो, खाली ‘हरकती व सूचना पाठवाव्यात’ अशी एक ओळ असते आणि त्या दिवसापासून मुदत धावू लागते. ती सरली की तुमचे गप्प राहणे संमतीतच जमा होते.

३१ जुलै २०२४ रोजी केंद्राने पश्चिम घाटाच्या पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्राचा मसुदा सहाव्यांदा काढला. महाराष्ट्रातले १७,३४० चौरस किलोमीटर त्यात होते आणि हरकतींसाठी दिवस होते फक्त ६०, तेही भर पावसाळ्यातले. डोंगरातल्या शेतकऱ्याने चिखलातले काम टाकून, रेंज शोधत, राजपत्राच्या पानांतून आपले गाव हुडकायचे! ही तक्रार रास्तच आहे. पण तेवढ्यावर थांबलो, तर मुदत आपल्यासाठी थांबत नाही.

लिहिल्याने फरक पडतो. २०१५ मध्ये इंटरनेटच्या समान वापराबाबत दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मते मागवली, तेव्हा १० लाखांवर ईमेल गेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये प्राधिकरणाने वेगवेगळ्या संकेतस्थळांसाठी वेगवेगळे दर लावण्यास बंदी घातली. २०२० मध्ये पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा मसुदा हिंदी-इंग्रजीतच निघाला. एक नागरिक दिल्ली उच्च न्यायालयात गेला. न्यायालयाने मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली आणि आठव्या अनुसूचीतल्या २२ भाषांत भाषांतर करायला सांगितले. हरकतींचा तर पाऊस पडला.

म्हणून कळकळीची विनंती:

• मसुदा दिसताच शेवटची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका.

• हरकत मराठीत लिहा. गाव, तालुका, गट क्रमांक, मसुद्यातले कलम, त्याने होणारे नुकसान आणि हवा असलेला बदल, एवढे पुरे.

• आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे ढकलू नका. तुमची विहीर, तुमचा पाणंद रस्ता, तुमची देवराई यांबद्दल तुम्हीच लिहू शकता.

• ग्रामसभेचा ठराव जोडा. ईमेलबरोबर एक प्रत कार्यालयात द्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व तारखेसह पोच घ्या.

• शिकलेल्या मुला-मुलींनो, शेजारच्या आजी-आजोबांची हरकत त्यांच्या शब्दांत टाइप करून द्या.

आणि सरकारलाही जाब विचारा. केंद्राच्या २०१४च्या धोरणानुसार कायद्याचा मसुदा किमान ३० दिवस लोकांपुढे ठेवायचा असतो आणि आलेल्या सूचनांचा गोषवाराही संकेतस्थळावर द्यायचा असतो. पण ते धोरण आहे, कायदा नव्हे. विचारणारे असतील तरच ते पाळले जाईल. मसुदा मराठीत मागा, मुदतवाढ मागा, आपल्या हरकतीचे काय झाले तेही विचारा.

तुमच्या तालुक्यातला एखादा मसुदा आजही हरकतींसाठी खुला असेल. आज रात्री झोपण्यापूर्वी त्याची शेवटची तारीख पाहा आणि उद्या हरकत पाठवा.