अकरा सेकंदांची ओवी

माझ्या हार्ड डिस्कमध्ये अकरा सेकंदांचा एक व्हिडिओ आहे. राजूरच्या वरच्या अंगाला, डोंगराकडच्या एका वाडीत एक आजी जात्यावर नागली दळते आहे. पदर कमरेला खोचलेला, खुंट्यावर दोन्ही मुठी, उघड्या दारातून आलेला उजेड अर्ध्या चेहऱ्यावर. जात्याच्या कडेने पीठ कसं सांडतं, तेसुद्धा स्वच्छ दिसतं. आजीचे ओठ हलताहेत, ती ओवी गाते आहे. ऐकू मात्र काही येत नाही. आणि अकराव्या सेकंदाला चित्रही थांबतं.

असे नऊ तुकडे आहेत. सगळे मुके. कॅमेरा बंद पडला की मी पुन्हा बटण दाबायचो, तो पुन्हा थांबायचा, आणि आजी आपली गात होती. घरी येऊन पाहिल्यावर आवाजच नाही हे कळलं. दुसऱ्या दिवशी परत गेलो. आजी दोन ओव्या म्हणाली आणि थांबली. "दळण सरलं कालच. दळणाबिगर कशी यायची रं लेकरा?" पुढच्या पावसाळ्यात ती गेली.

मी राजूरला लग्नाची, जत्रांची, वास्तुशांतीची शूटिंग करतो. दर वर्षी इथे भरणाऱ्या डांगी जनावरांच्या प्रदर्शनातही माझा कॅमेरा असतो. त्या दिवशी कॅमेरा बिघडलेला नव्हता, कार्डही चांगलं होतं. सेटिंग चुकीची होती आणि ती मी केलेली होती. तेव्हापासून एक गोष्ट मी प्रत्येक नव्या शूटिंगवाल्या पोराला सांगतो, आज इथेही सांगतो: कॅमेऱ्यातून जास्तीत जास्त किती निघतं ते नंतर बघू, न थांबता किती वेळ निघतं ते आधी बघ.

माझा कॅमेरा कॅननचा ६००डी. हे मॉडेल २०११ साली आलं, मी वापरलेलं घेतलं. त्यावर मॅजिक लँटर्न चालवतो. २००९ मध्ये ट्रॅमेल हडसन या प्रोग्रामरने कॅननच्या ५डी मार्क टू कॅमेऱ्यासाठी ते लिहायला घेतलं, पुढे जगभरातल्या हौशी जाणकारांनी वाढवलं. फुकट मिळतं. कॅमेऱ्याची मूळ प्रणाली ते पुसत नाही. कार्डावर बसतं आणि कॅमेरा सुरू होताना कार्डावरून चालू होतं. कंपनीने दिलेली नसलेली कितीतरी साधनं त्यात मिळतात. उजेड कुठे जास्त झाला ते पट्ट्यांनी दाखवणारा झेब्रा, फोकस कुठे बसला त्याची खूण, बिटरेट म्हणजे सेकंदाला किती माहिती लिहायची ते प्रमाण वाढवायची सोय. डांगी बैलाच्या अंगावर काळे-पांढरे ठिपके असतात. भर उन्हात पांढरा भाग जळतो किंवा काळा बुडतो. झेब्रा आल्यापासून माझा एकही बैल जळलेला नाही.

मॅजिक लँटर्न या नावाचं आपल्या भाषेत जुनं नातं आहे. १८९०च्या दशकात कल्याणचे महादेव गोपाळ पटवर्धन काचेवर रंगवलेली चित्रं दिव्याच्या यंत्राने पडद्यावर हलती करून दाखवत. मॅजिक लँटर्नच्या त्या खेळाला त्यांनी नाव दिलं होतं शांबरिक खरोलिका. एवढा सुंदर शब्द आपण विसरलो याचं मला वाईट वाटतं.

तर २०१३ मध्ये कॅमेऱ्यातल्या या मॅजिक लँटर्नमधून रॉ व्हिडिओ घेता येऊ लागला. रॉ म्हणजे सेन्सरवर पडलेली माहिती न दाबता, न पिळता जशीच्या तशी कार्डावर उतरवायची. रंग असे येतात की वीस-पंचवीस हजारांचा कॅमेरा सिनेमाच्या कॅमेऱ्याशेजारी उभा करावासा वाटतो. मी त्याच मोहात पडलो होतो. आजीचं दळण मी १२८० बाय ५४४ या मापात रॉमध्ये घेतलं. आता तो हिशेब करून बघा. एका फ्रेममध्ये ६,९६,३२० ठिपके, प्रत्येकाला १४ बिट, सेकंदाला २५ फ्रेम. गुणाकार करून आठने भागलं की सेकंदाला तीस एमबी निघतात. या कॅमेऱ्याची कार्डावर लिहिण्याची वाट मात्र सेकंदाला वीस एमबीच्या आसपासच. उरलेले दहा एमबी कॅमेऱ्याच्या तात्पुरत्या साठवणीत तुंबत जातात. ती दहा-अकरा सेकंदांत भरते आणि रेकॉर्डिंग थांबतं. कितीही महागडं कार्ड घाला, वाट कॅमेऱ्यातच अरुंद आहे. हा हिशेब शाळेतल्या पोराला जमेल असा आहे. मी तो घरून निघताना केला नव्हता.

आणि आवाज? रॉमध्ये आवाजासाठी वेगळं मॉड्यूल चालू करावं लागतं. ते मी केलं नव्हतं. चित्राच्या नादात मी गाणं घ्यायलाच विसरलो होतो.

त्यानंतर रॉ बाजूला ठेवलं आणि कॅमेऱ्याच्या नेहमीच्या एच.२६४ पद्धतीकडे वळलो. तिथेही एक ठेच लागली, आणि ती मला जास्त शिकवून गेली. बिटरेट मूळच्या १.४ पट केला. दुकानातल्या भिंतीसमोर कॅमेरा स्टँडवर लावला, बारा मिनिटं सलग चालला. खूश झालो. आठवड्याने आवणी सुरू होती. पाऊस पडत होता, खाचरात बायकांची रांग, डोक्यावर इरली, वारा रोपांना लोळवत होता. पाच मिनिटांत कॅमेरा तीनदा थांबला.

कारण नंतर समजलं. ही पद्धत प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. आधीच्या फ्रेमपेक्षा काय बदललं, मुख्यतः तेवढंच लिहिते. भिंतीत काय बदलणार? लिहायला काही नव्हतंच, म्हणून कॅमेरा निवांत होता. खाचरात प्रत्येक थेंब, प्रत्येक पान, पाण्यातली प्रत्येक लाट क्षणाक्षणाला बदलत होती. रॉचं उलट असतं. तिथे भिंत असो की पाऊस, फ्रेमचं वजन सारखंच. म्हणजे एका पद्धतीची परीक्षा भिंतीसमोर झाली तरी चालेल, दुसरीची मुळीच चालणार नाही. आता मी कुठलीही नवी सेटिंग घराच्या मागच्या बांबूच्या बेटावर तपासतो, तेही वारा असताना. एका वेळी एकच गोष्ट बदलतो. कार्ड काठोकाठ भरू देतो, मग संगणकावर पहिल्यापासून शेवटपर्यंत बघतो, कानाला हेडफोन लावून. असं तीनदा झालं तरच ती सेटिंग वहीत उतरते. वेळ जातो, पण दुसरा रस्ता मला सापडलेला नाही.

बिटरेट परत मूळच्यावर आणला. फरक किती पडला म्हणाल, तर लग्नाच्या शंभर पाहुण्यांत एकालाही दिसला नाही.

विजेचंही एक आहे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होते. २५ फ्रेम आणि शटर १/५० ठेवलं की प्रत्येक फ्रेममध्ये तिचे बरोबर दोन ठोके बसतात आणि उजेड स्थिर दिसतो. १/६० केलं की चित्रावर काळपट पट्टे दिसू लागतात. जत्रेत जनरेटर असला तर तो नेमका पन्नासवर चालेलच असं नाही. तेव्हा मॅजिक लँटर्नमधून फ्रेमचा वेग थोडा इकडे-तिकडे करून पट्टे थांबवता येतात. पण मग कॅमेरा आवाज घेणं सोडतो. म्हणून आवाज मी आता वेगळ्या रेकॉर्डरवर घेतो आणि सुरुवातीला एक टाळी वाजवतो. त्या टाळीवर चित्र आणि आवाज घरी जुळवतो.

मूळ बिटरेटवरही या कॅमेऱ्याची एक फाइल चार जीबीच्या पुढे जात नाही. साधारण बारा मिनिटं झाली की तो आपला आपण थांबतो. बोहाड्याच्या रात्री हे कळायला हवं. संबळ वाजतो, टेंभ्यांच्या उजेडात मुखवटा घातलेलं सोंग नाचत येतं, आणि नेमकं तेव्हा बारावं मिनिट भरलं तर ते सोंग पुन्हा वर्षाने. मी एक सोंग आत गेलं की रेकॉर्डिंग स्वतः थांबवतो आणि दुसरं निघायच्या आत सुरू करतो. कॅमेऱ्याने मध्येच थांबवण्यापेक्षा मीच दोन सोंगांच्या मध्ये थांबवलेलं बरं.

दादासाहेब फाळके आमच्यापासून फार लांबचे नाहीत, इगतपुरीच्या पलीकडे त्र्यंबकेश्वरला जन्मले. १९१२ साली त्यांनी लंडनहून विल्यमसन कॅमेरा आणला. लगेच 'राजा हरिश्चंद्र'ला हात घातला नाही. आधी कुंडीत बी पेरलं आणि त्याचा अंकुर कसा वाढतो ते रोज थोडं थोडं चित्रित केलं. 'अंकुराची वाढ' ही ती छोटी फिल्म. ती पाहून त्यांना भांडवल देणारा माणूस मिळाला, हे बहुतेकांना माहीत असतं. मला तिच्यातलं दुसरंच मोठं वाटतं. हाताने फिरवायचा कॅमेरा, घरात धुतलेली फिल्म, आणि दिवसेंदिवस तोच उजेड, तीच जागा, तोच वेग सांभाळणं. ज्या यंत्रावर सगळा संसार लावायचा ते यंत्र त्यांनी आधी एका रोपावर तपासून घेतलं.

आज लग्नाची सुपारी द्यायला आलेला माणूस पहिला प्रश्न विचारतो, "फोर-के आहे ना?" मध्येच बंद पडणार नाही ना, हा प्रश्न मला आजवर कोणी विचारलेला नाही. शूटिंगवालेही आकडेच सांगतात. माझं स्पष्ट मत आहे की लग्न असो, बोहाडा असो की म्हाताऱ्या माणसाचं बोलणं, साधं १०८०चं सलग रेकॉर्डिंग हे तुटक्या फोर-केपेक्षा शंभर पटींनी मोलाचं आहे. रॉ मी सोडलेलं नाही. सांदण दरीवर ढग उतरतात तेव्हा दहा सेकंद पुरतात, आणि ढगांना आवाज नसतो. तिथे ते वापरतो. माणूस समोर असेल तर नाही.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांमधून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. गाणारीचं नाव, गाव, सगळं टिपून ठेवलं. त्यातल्या बऱ्याच ओव्यांचा आवाजही ध्वनिमुद्रित आहे, आज कोणीही ऐकू शकतं. मी ऐकतो तेव्हा माझ्या त्या नऊ मुक्या तुकड्यांची आठवण येते. तिथे नुसत्या आवाजातूनही बाई समोर बसलेली दिसते. माझ्याकडे ती दिसते, पण ती काय गात होती हे आता कोणालाच सांगता येणार नाही.

आता तर वाडीवाडीत पोरांच्या हातात फोन आहेत, आणि बरेच फोन माझ्या ६००डीपेक्षा सलग चालतात. पोरांनो, आजीसमोर बसायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर मध्येच कोणाचा तरी फोन येईल. जागा किती शिल्लक आहे ते बघा. फोन आडवा धरून कशाला तरी टेकवा, आणि चुलीच्या धुरापासून लांब पण तोंडाच्या जवळ ठेवा. दोन मिनिटं घेऊन ती लगेच ऐका. मग खरं गाणं.

माझ्या बॅगेच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवलेला आहे: १९२० बाय १०८०, २५ फ्रेम, शटर १/५०, आयएसओ ६४०, फारच अंधार असेल तर १२५०, बिटरेट मूळचा, आवाज वेगळा, टाळी. सगळ्यात खाली लाल शाईने लिहिलंय, आवाज ऐकला का?

राजूर, शेंडी, कोतूळच्या बाजूला ज्यांच्या घरात जातं आहे आणि त्यावर गाणारी आजीही आहे, त्यांनी मला निरोप द्या. मी येईन, पैसे घेणार नाही. फक्त शेरभर नागली जास्तीची काढून ठेवा. पहिल्या शेरात मी आवाज तपासून घेईन.