"सवय होईल" म्हणे!

मागच्या दिवाळीत बोनस आला आणि मी एकदाची गिअरची सायकल घेतली. (बाईक विकलेली नाही, घाबरू नका.) पहिल्याच रविवारी मित्राबरोबर सिंहगड रस्त्याने खडकवासल्याला गेलो. जाताना मजा आली. येताना धायरी फाट्याला उतरलो, तर सीटवर टेकलेलं सगळं बधिर! मित्र म्हणाला, "होतं रे सुरुवातीला. सवय होईल."

हे "सवय होईल" मी पुढे दोन महिने ऐकलं. दुकानदाराकडून, ऑफिसातल्यांकडून, बाबांकडूनसुद्धा. शेवटी एकाने जेलचं कव्हर सुचवलं. घेतलं. पंधरा मिनिटं स्वर्ग, मग आधीपेक्षा वाईट. सायकल विकायचीच असं ठरत आलं होतं.

माझं म्हणणं असं की हा सल्लाच चुकीचा आहे. दुखणं वेगळं आणि बधिर होणं वेगळं. नवीन माणसाचं बूड आठवडा-दोन आठवडे दुखतं, ते थांबतंही. पण बधिरपणा म्हणजे नस दबतेय. त्याची कसली सवय करून घ्यायची?

दगडी पायरीवर तळहात खाली घालून बसा. दोन हाडं टोचतील. सायकलवर वजन पडायला हवं ते त्यांच्यावर. सीट अरुंद असली की ही हाडं कडेवरून घसरतात आणि भार येतो मधल्या नाजूक भागावर. तिथेच नसा आणि रक्तवाहिन्या. फार मऊ गादीत उलटं होतं. हाडं रुततात आणि मधला जेल वर येऊन तेच दाबतो. आणि दुकानात आपण काय करतो, तर अंगठ्याने सीट दाबून बघतो!

मी ऑनलाइन ऑर्डरचा पुठ्ठ्याचा खोका फाडला, स्टुलावर ठेवला, थोडा पुढे वाकून बसलो. उठल्यावर दोन खळगे. मध्यापासून मध्यापर्यंत १२.५ सेंमी. माझ्या सीटची सगळ्यात जास्त रुंदी १३! दोन्ही बाजूंना किमान सेंटिमीटरभर तरी जागा हवी, इथे पाव सेंमी. बग सापडला. (हे अंतर जाड-बारीक असण्यावर नसतं बरं का, हाडांवर असतं. बायकांचं सरासरी जास्त असतं.)

बाबांचं काय चुकलं? काहीच नाही. त्यांची सायकल जुनी, काळी. हँडल उंच, ताठ बसायचं, खाली स्प्रिंगची रुंद सीट. त्यांना ती बरोबरच होती. "माझ्या मशीनवर चालतंय" हे आपण रोज ऐकतो, तसंच हे.

तर १५.५ सेंमीची, मध्ये खाच असलेली, बऱ्यापैकी कडक सीट आणली. दुकानदाराला रुंदी विचारली तर त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पासवर्ड मागितला. बूट घेताना नंबर विचारतात, इथे कुणीच नाही! घरी आणून लेव्हल लावून सपाट बसवली. नाक वर असलं तर दाब येतो, खाली असलं तर माणूस पुढे घसरतो. उंचीही सेंटिमीटरभर उतरवली, कारण पायडल मारताना कंबर डावी-उजवी हलत होती.

गेल्या रविवारी पुन्हा खडकवासला. कणीस खाऊन परत. धायरी फाट्याला थांबलोसुद्धा नाही.

हाताच्या बोटांना मात्र मुंग्या येतायत. हँडलचं बघतो आता.